सर्जेरावाची झुलपं

एका गावात एक भोळा उपवर मुलगा होता. नाव सर्जेराव. त्याच्या डोक्याला दोन भोवरे होते. एक टाळूवर, दुसरा नेमका कपाळाच्या वर. त्यामुळे पुढचे केस कायम उभे, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणे. त्याच्या आईचं म्हणणं, आधी एक तरी होऊ दे. आईला घरात सून हवी होती आणि सर्जेरावाला कपाळावर झुलपं.

एकदा त्यानं न्हाऊन ओले केस भुवईपर्यंत ओढले आणि सरळ रेषेत कापले. केस वाळले, आखडले आणि कपाळावर बोटभर ब्रश उभा राहिला. तो शिवाप्पा न्हाव्याकडे धावला. शिवाप्पा म्हणाला, "ओलं कधी कापू नये. वाळू द्यावं, मग जरा लांबच कापावं."

सर्जेरावानं हे पक्कं ध्यानात ठेवलं. संध्याकाळी आईनं धुतलेली कोथिंबीर चिरायला दिली. त्यानं ती पत्र्यावर वाळत घातली आणि दोन दिवसांनी लांब लांब कापून दिली. आमटीतून गवत काढता काढता आई रडकुंडीला आली.

पुढं मुलगी बघायला जायचा दिवस ठरला. शिवाप्पानं केसांना तेल चोपडलं आणि बजावलं, "उठलं की तळहातानं दाबायचं, वर रुमाल बांधायचा. घटकाभर सोडायचं नाही."

पाहुणे दारात आले तसे मुलीचे वडील, विठोबाअण्णा, नमस्कार करायला उठले. सर्जेरावानं त्यांच्या टाळूवर तळहात ठेवून त्यांना खाली दाबलं, रुमाल बांधला आणि घटकाभर सोडलं नाही. अण्णांना वाटलं, यांच्याकडे अशीच रीत असेल. मुलीचा बाप झाला की माणूस काय काय रीत म्हणून खपवून घेतो, त्याला सुमार नाही. रुमालाखालूनच त्यांनी होकार दिला. मुलीला, शेवंताला, कुणी विचारलंच नाही. ती पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती आणि सगळं बघत होती.

लग्नाच्या सकाळी अर्धी बाटली तेल संपलं, तरी तुरा तसाच. शिवाप्पानं हात टेकले. म्हणाला, "भोवऱ्याशी भांडू नये, बाबा. ज्याला जिकडं वळायचं तिकडं जाऊ द्यावं. त्यातच शोभा असते."

देवळापुढं मांडव भरला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. नवरदेवाच्या मुंडावळ्या तुऱ्यावरून घसरल्या होत्या. त्या नीट करायला शेजारी बसलेले अण्णा उठले. सर्जेरावानं त्यांना भर मांडवात दाबून बसवलं आणि वर उपरणं बांधलं. या वेळी ही रीत आहे असं अण्णांनाही वाटलं नाही, पण ते गप्प राहिले. गप्प राहिली नाही ती शेवंता.

"अण्णा, उठा. घरी चला."

हातातला हार तिनं पाटावर ठेवला आणि ती वळली.

सर्जेरावाची आई ओरडली, "अरे, बघतोस काय? अडव तिला!"

सर्जेराव जागचा हलला नाही. "भांडू नये, आई. ज्याला जिकडं वळायचं तिकडं जाऊ द्यावं. त्यातच शोभा असते."

शिवाप्पाचा हा एवढा एकच धडा त्यानं योग्य ठिकाणी लावला. बापाचा हात धरून निघालेली शेवंता खरंच फार शोभून दिसत होती.