वर्तुळातली संख्या

फार फार वर्षांपूर्वी, जिथे राजापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना आकड्यांचं वेड होतं अशा एका राज्यात दोन गणिती राहत. एक थोरले शास्त्री, एक धाकटे. दोघे एकाच गुरूचे शिष्य.

तिथली रीत अशी, की पाडव्याला प्रत्येक गणित्याने आपली एक संख्या दरबारात रांगोळीने मांडायची. ज्याची संख्या राजाला आवडेल, त्याने वर्षभर राजाच्या उजव्या हाताला बसायचं. ते आसन कैक वर्षं थोरल्यांकडेच होतं आणि त्यांचा सगळा जीव त्यात होता.

त्या पाडव्याला धाकट्यांनी एक, चार, दोन, आठ, पाच, सात हे अंक गोलाकार मांडले.

"महाराज, ही संख्या १४२८५७. दोनाने गुणलं की २८५७१४, तिनाने गुणलं की ४२८५७१. अंक तेच, क्रमही तोच, फक्त वाचायला सुरुवात वेगळ्या अंकापासून करायची. सहापर्यंत कशानेही गुणा, वर्तुळ मोडत नाही."

राजाने स्वतः गुणून पाहिलं. खरंच होतं. दरबार माना डोलावू लागला.

थोरल्यांच्या पोटात दुखायला लागलं. कालपर्यंत आपल्याला पाढे विचारणारा हा, आणि आज सगळे त्याच्याकडे बघताहेत! संख्या सुंदर आहे हे त्यांना कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. आपल्याला का नाही सापडली? त्यांनी धूळपाटी ओढली आणि बोटाने गुणाकार करत खोट शोधू लागले. सातापाशी त्यांचा चेहरा खुलला.

"महाराज, सातने गुणा. यातला एकसुद्धा अंक उरत नाही."

राजाने गुणलं. उत्तर आलं ९९९९९९.

धाकटे बघतच राहिले. "मी सहावरच थांबलो होतो. महाराज, सगळ्यांत सुंदर तर हेच आहे, आणि ते दादांनी शोधलंय. आसन त्यांनाच द्या."

राजा थोरल्यांकडे वळला. "शास्त्रीबुवा, तुम्हीच सांगा. हे या संख्येचं वैभव, की खोट?"

एका शब्दाचं काम होतं. पण भर दरबारात धाकट्याच्या संख्येला चांगलं म्हणायचं? थोरल्यांची जीभ रेटेना.

"खोटच म्हणायची," ते म्हणाले.

"खोट काढणाऱ्याला आसन द्यायची रीत आपल्याकडे नाही," राजा म्हणाला आणि त्याने धाकट्यांना हाताला धरून शेजारी बसवलं.

थोरले मागच्या रांगेत जाऊन बसले. पुढे राज्यातली पोरंसोरंसुद्धा त्या सहा नवांची गंमत एकमेकांना सांगत, ती धाकट्यांच्या नावाने. ती ऐकताना थोरले आतून जळत, पण ती आपली आहे हे सांगायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: जो दुसऱ्याच्या चांगल्यावर जळतो, त्याला स्वतःच्या हाती आलेलं चांगलंही आपलं म्हणता येत नाही.