मणिप्रस्थाचा मुका शंख

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी पयोदा नदीच्या तीरावर मणिप्रस्थ नावाचे धनधान्यसंपन्न नगर होते आणि तेथे रुक्मध्वज नावाचा पराक्रमी, दानशूर, परंतु अंमळ हट्टी राजा राज्य करीत होता. त्याच्या हट्टापुढे प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने हात टेकावेत, अशी त्याची ख्याती! त्याला एकच अपत्य, कन्या इंदुलेखा. मुलीला सिंहासन कसे द्यायचे, असा वाद घालणाऱ्या मांडलिकांची तोंडे कायमची बंद व्हावीत, म्हणून त्याने महायज्ञ आरंभिला होता. यज्ञ निर्विघ्न पार पडून त्याच्या सांगतेचे अवभृथस्नान झाले, की त्याच नदीतीरावर तिला यौवराज्याभिषेक व्हायचा होता.

मणिप्रस्थाची एक जुनी रीत होती. कोणाच्याही घरी मृत्यू झाला, मग तो सावकार असो वा मोळीविक्या, की वेशीवरचा शंख फुंकला जाई आणि सारे नगर हातातले काम ठेवून क्षणभर उभे राही. यज्ञ ऐन रंगात आला आणि तो शंख वरचेवर वाजू लागला.

तो ऐकून राजाचे गुरू, तपोनिधी शतपर्ण महर्षी, आश्रम सोडून यज्ञमंडपात आले. म्हणाले, "राजा, ही साथ म्हणजे शोषिणी राक्षसी आहे. घोर तपाने तिने शस्त्रापासून अभय मिळवले आहे. पण वर देताना विधात्याने एक मर्यादा घातली. ज्याला तिच्या येण्याची खबर आधी मिळेल, त्याच्या उंबरठ्याशी तिचे बळ ओसरेल. तेव्हा आजच दवंडी पिटव. स्नानसोहळा पुढे ढकल. आजाऱ्यांसाठी वेगळ्या कुटी बांध, आणि ज्यांचे हातावर पोट आहे त्यांच्यासाठी कोठारे उघड, म्हणजे त्यांना घरी थांबता येईल."

गुरूंचे म्हणणे राजाला पटले होते, हे आधीच सांगून ठेवतो. पण प्रधान कुंजरक त्याच्या कानाशी लागला. "महाराज, झाकली मूठ सव्वा लाखाची! मंडपात अभद्र वाणी निघाली, तर यज्ञाला विघ्न आले म्हणून मांडलिक टाळ्या पिटतील. राजकन्येच्या अभिषेकाचे मग काय?"

इंदुलेखेचे नाव निघाले आणि राजाचे मन तिथेच अडकले. "स्नान होईपर्यंत शंख वाजता कामा नये," त्याने आज्ञा केली. "त्यानंतर मी सारे सांगेन."

आता काय म्हणावे याला! कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे थोडेच राहते? चिता पेटतच होत्या, फक्त शेजारच्या गल्लीला त्या कोणाच्या हे कळेनासे झाले. देशोदेशींचे यात्रेकरू स्नानासाठी नगरात लोटले. त्यांना कोणी थांबवले नाही, कारण थांबवायचे तर कारण सांगावे लागले असते.

स्नानाच्या सकाळी इंदुलेखा पित्याच्या पाया पडली आणि तिने विचारले, "तात, हल्ली वेशीवरचा शंख का हो वाजत नाही?"

राजाचे ओठ हलले. सांगून टाकावे, असे त्याला अगदी मनापासून वाटले. पण तो म्हणाला, "यज्ञकाळ आहे, बाळे. सगळे क्षेम आहे."

ती हसली, आणि यात्रेकरूंना आपल्या हातांनी प्रसाद वाटायला नदीवर गेली.

अभिषेकाच्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी ती ज्वराने कोसळली. तेव्हा कुठे राजाचे डोळे उघडले, आणि उघडले तेही भलत्या बाजूला! "शंख फुंका! या क्षणी वेशी बंद करा!" तो गरजला. ना कोणाला पूर्वसूचना, ना कोणाच्या पदरात शिधा. बाहेर अडकलेले यात्रेकरू लेकरे कडेवर घेऊन उपाशीपोटी आपापल्या गावांकडे चालू लागले, आणि शोषिणी त्यांच्याच पावलांनी दाही दिशांना पसरली. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ना, ते हेच.

कन्येच्या शय्येपाशी राजाला ती राक्षसी दिसली. त्याने खड्ग उपसले. ती म्हणाली, "ठेव ते. मी कोणाचे दार फोडीत नाही, रुक्मध्वजा. हिने तुला सकाळी विचारले होते. तू सांगितले असतेस, तर मी हिच्यापर्यंत पोहोचलेच नसते."

इंदुलेखा गेली. वेशीवर तिच्यासाठी शंख वाजला, पण तो ऐकून उभे राहायला रस्त्यात माणूस नव्हते.

राजाने मुकुट उतरवला, शतपर्णांचा आश्रम गाठला आणि त्यांच्या पायांवर लोळण घेतली. "गुरुदेव, मला शाप द्या!"

"शाप मी काय देऊ?" महर्षी म्हणाले. "तिला मी जन्मल्यापासून पाहिले होते रे."

"मग वर द्या. गेलेले परत येत नाही, हे मला कळले. पण यापुढे संकटाची चाहूल लागली, की सर्वांआधी ओरडून सांगणारा कंठ माझा असू द्या."

महर्षी कमंडलूतले पाणी हातावर घेऊन म्हणाले, "तथास्तु. कंठ देतो. ऐकणाऱ्यांचे कान मात्र माझ्या हाती नाहीत."

त्या क्षणी राजाचा देह गळून पडला आणि त्यातून एक टिटवी उडाली. तेव्हापासून ती नदीकाठच्या उघड्या जमिनीवर राहते, आणि कशाची चाहूल लागली, की जीव तोडून ओरडते. लोक म्हणतात, "मेली अभद्र, हाकला तिला!" आणि दगड उचलतात. ती थोडी दूर जाऊन बसते, आणि पुन्हा ओरडू लागते.