गाडीने दार उघडलं नाही

यंत्रं माणसांशी मोकळेपणाने बोलत असत त्या काळी विश्राम पेंढारकर नावाच्या गृहस्थांकडे एक जुनी, देखणी मोटार होती. तिचा तळ गंजून जाळीसारखा झाला होता. जुन्या गाड्यांची मिरवणूक जवळ आली, तेव्हा विश्रामरावांनी घरच्या अंगणातच दुरुस्ती काढली. पण गंज खरवडण्याऐवजी त्यांनी भोकांत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरली आणि वरून चकचकीत रंग मारला.

मिरवणुकीच्या सकाळी त्यांची पत्नी शालिनीबाई नटूनथटून आल्या. गाडीचं दार काही केल्या उघडेना.

"हा काय हट्ट?" विश्रामराव ओरडले. "तुला नव्यासारखी केली ना मी?"

"नव्यासारखी?" गाडी संतापून म्हणाली. "गंज आत तसाच आहे आणि तुम्ही त्याला रंग फासलात! वर या लांबीच्या भरवशावर बाईंना बसवता? रस्त्यात तळ निसटला तर तुमच्याबरोबर त्यांचेही पाय जातील!"

शालिनीबाईंनी वाकून तळ खालून चाचपला. लांबीचं मोठं ढेकूळ त्यांच्या हातात आलं.

"अहो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

विश्रामरावांना त्यांच्याकडे बघवेना.

मिरवणूक घरावरून वाजतगाजत गेली, तेव्हा ते गाडीखाली उताणे पडून तारेच्या ब्रशने गंज खरवडत होते. भोक ताटाएवढं झालं, तसे ते घाबरून थांबले.

"घासा," गाडी म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "चांगला पत्रा लागेपर्यंत घासा."