उतारावर उभा राहिलेला तायाप्पा

फार वर्षांपूर्वी, वारणेवर पूल नव्हता आणि नांदरवाडीची माणसं पलीकडच्या बाजाराला उतारातून, म्हणजे नदी उथळ होते तिथून, पाणी तुडवत जायची, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावात तायाप्पा नावाचा हुतूतूचा गडी होता. तुम्ही आता कबड्डी म्हणता. एकट्यानं रेषा ओलांडून समोरच्यांच्या अंगावर जायचं, तोंडानं हुतूतू चालू ठेवायचं आणि दम सुटायच्या आत माघारी यायचं. दम सुटला की गडी मेला.

तायाप्पाचा दम सुटत नसे. असं म्हणतात, की त्यानं हुतूतू सुरू केलं की इकडं बाईनं तवा तापवावा, भाकरी थापावी, भाजावी, टोपल्यात टाकावी, तरी तिकडं तायाप्पा घुमतच असे. मिरज म्हणा, कोल्हापूर म्हणा, जिथं मैदान भरलं तिथं त्यानं नाव काढलं. एका राजेसाहेबांनी स्वतःच्या हातानं त्याला चांदीचं कडं घातलं. गावात कुणाचं लग्न निघालं की तायाप्पा पंगतीला हवाच, नाहीतर नवऱ्यामुलाचा बाप रुसून बसायचा.

पस्तिशीच्या आतबाहेर असताना एका मैदानात सहा जणांनी मिळून त्याला खाली दाबला आणि त्याचा गुडघा गेला. खेळ संपला. दम मात्र होता तसाच राहिला. मग कुणाची घागर विहिरीत पडली, तायाप्पा बुडी मारून घेऊन आला. कुणाची नथ पडली, तीही त्यानं गाळातून चाचपून काढली. असं म्हणतात, की तो बुडी मारायचा तेव्हा काठावरचे म्हातारे चिलीम भरायला घ्यायचे आणि चिलीम विझली की तो वर यायचा. चार दिवस बरे गेले.

मग गावातल्या गोदाक्काचा नवरा बाजारातून येताना उतारात बुडाला. तायाप्पानं दिवसभर नदीचा तळ धुंडाळला आणि दिवस कलायच्या वेळी त्याला खांद्यावर घालून घरी आणलं. त्यानंतर वारणाकाठच्या सगळ्या गावांतून त्याला अशीच बोलावणी येऊ लागली. ओल्या धोतरानं तायाप्पा ज्या दाराशी उभा राही, त्या दारात रडं सुरू होई. त्याला कुणी वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगतो. फक्त बोलणंच बंद झालं. लग्नाची आवतणं थांबली. हुतूतूच्या मैदानावर तो जाऊन बसला तर दोन्हीकडची माणसं हळूच सरकून बसायची. तायाप्पाला ते दिसायचं, आणि तो उठून घरी यायचा.

आता वारणेची एक खोड आहे. पूर ओसरला की उतारात पाणी गुडघाभर दिसतं, पण खाली पुरानं कुठंतरी खोल कपार कोरून ठेवलेली असते, आणि ती दर साली जागा बदलते. बुड्या मारून तायाप्पाला हे पक्कं ठाऊक झालं. त्यानं चावडीत जाऊन सांगितलं, की दिवाळीपर्यंत उतारात उतरू नका, वरच्या अंगाला दोन कोसांवर नाव आहे, तिथनं जा. लोकांनी माना डोलावल्या आणि बाजाराच्या दिवशी उतारातूनच गेले. आपल्या माणसाला दोन कोस चालायचं म्हटलं की अंगावर काटा येतो.

तायाप्पा कपार शोधायला उतारावर जायचा आणि त्याच आठवड्यात कुणीतरी बुडायचं. असं तीनदा झालं. झालं, गावानं हिशेब जुळवला. तायाप्पाला आधीच कळतं म्हणे, तो जिथं उभा दिसेल तिथं माणूस जातो. पुढच्या बाजाराला तो कपारीच्या तोंडाशी उभा होता. डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं काठापर्यंत आली, त्याला बघून थबकली, थुंकली आणि मुकाट्यानं नावेच्या वाटेला लागली.

सांगून जे झालं नव्हतं ते नुसतं उभं राहून झालं. तायाप्पानं ते ओळखलं. त्या सालापासून पूर ओसरल्यापासून दिवाळीपर्यंत तो रोज उजाडल्यापासून मावळेपर्यंत पाण्यात उभा राहू लागला. बारा वर्षं उभा राहिला. असं म्हणतात, की त्याच्या पायांना शेवाळ धरलं आणि मासे त्याच्या बोटांशी खेळायचे. बारा वर्षांत उतारात एक माणूस बुडाला नाही. गावाला वाटलं देवी पावली, आणि त्यांनी देवीला नवा कळस चढवला.

एकट्या गोदाक्काला शंका आली. नवरा गेला त्या जागी ती कधीमधी येऊन बसायची. तायाप्पा वेळूनं तळ चाचपतो आणि दर साली दोनचार पावलं सरकून उभा राहतो, हे तिनं पाहिलं. एक दिवस ती पाण्याशी गेली.

"तायाप्पा, गावाला खरं का सांगंनास?"

"सांगितलं तर भ्या जाईल, आक्का. भ्या गेलं की उतरतील."

"आन् तू असाच एकला ऱ्हाणार?"

तायाप्पानं हातातला वेळू तळाशी रोवला. "मला लई वाटतं गं, कुणीतरी बोलावं," तो म्हणाला. "पर तू सांगू नगंस."

तिनं सांगितलं नाही. तेराव्या साली वर घाटमाथ्यावर अवेळी पाऊस झाला आणि ओसरलेली नदी भर दुपारी फुगली. तेवढ्यात परगावची एक भरलेली गाडी पाण्यात उतरत होती. तायाप्पा छातीभर पाण्यातून पुढं सरला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. गाडीवाल्यानं त्याला शिव्या घातल्या आणि बैल माघारी वळवले. वळून बघतो तर पाण्यावर कुणी नाही. पाण्याखालून मात्र हुतूतू ऐकू येत होतं. असं म्हणतात, की ते दिवस मावळेपर्यंत चालू होतं. तायाप्पाचं शव मिळालं नाही, कारण काढायला गावात दुसरा तायाप्पा नव्हता.

पुढच्या बाजाराला उतार मोकळा बघून लोक सुटकेनं पाण्यात शिरले, आणि दोघं बुडाले. तेव्हा गोदाक्का चावडीत उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. "त्यो मराण आणत नव्हता. मरणाच्या दारात उभा ऱ्हाऊन तुमास्नी माघारी लावत हुता," ती म्हणाली. कुणाला वर बघवेना. ती मग मोठ्यानं रडली आणि तिच्याबरोबर गाव रडलं, पण ऐकायला तायाप्पा कुठं होता.

आता वारणेवर पूल आहे, धोक्याची पाटीही आहे. तरी पूर ओसरल्यापासून दिवाळीपर्यंत नांदरवाडीत दर दिवशी एका घरचं मोठं माणूस उतारावर उभं राहतं. पाळी चुकत नाही. आणि त्या माणसाशी बोलल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही, असा नेम आहे. गेल्या साली एक नवी सून धुण्याची बादली घेऊन तशीच पुढं निघाली होती, कारण उभे होते ते तिचे सासरे, आणि त्यांच्याशी ती अजून एक शब्द बोलली नव्हती. सासूनं तिला माघारी धाडलं. काय बोलावं ते पोरीला सुचेना. शेवटी पदर सावरत खाली मान घालून तिनं विचारलं, "मामा, पाय दुखाय लागलं असतील की ओ?"

बारा वर्षं पाण्यात उभ्या असलेल्या तायाप्पाला गावानं एवढंही विचारलं नव्हतं.