पुतळीचा नववा महिना

इचलकरंजीच्या विश्वंभर शेट्यांच्या कारखान्यात गरोदर बायकांसाठी पोटाला आधार देणारी चड्डी तयार झाली आणि सगळ्यांच्या डोक्याचा भुगा झाला. मापं चोख, शिलाई चोख. तरी जी बाई घालून बघे ती तासाभरात काढून ठेवी आणि म्हणे, "पोटात रुततीया."

शेटे गळ्यात टेप अडकवून पुतळीपुढे उभे राहिले. दुकानात कपडे घालून ठेवतात तसली ही पुतळी. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या पोटावर उशी बांधली होती आणि गरोदर बाईचा प्रत्येक कपडा तिच्यावरच पास होई. आजही चड्डीला एक सुरकुती सापडेना.

"हिला कुठं रुततंय?" शेटे गरजले. "बायकांची नाटकं सगळी! उद्या माल बाजारात जाणार!"

कटिंग मास्तरांनी पुन्हा मापं घेतली. पुन्हा बरोबरच आली. ते डोकं खाजवत राहिले.

सातव्या महिन्यातली मालन मशीनवरून उठली. तिनं आपली खुर्ची ओढत आणून पुतळीमागं ठेवली.

"मालक, हिला जरा बसवा."

"खुळी का काय तू? दांड्यावर ठोकलेली पुतळी बसंल कशी?"

"आणि आम्ही आठ तास उभ्यानं मशीन मारतो व्हय?" मालन म्हणाली. "तीन वर्षं हिला नववा महिना लागलाय. एकदा बसली नाही का बाळंत झाली नाही. अन् पोटुशीचं दुखणं तुम्ही हिला विचारताय?"

शेट्यांनी गळ्यातली टेप काढली आणि मालनच्या हातात दिली.