वाकड्या मुळाची दाढ

“...पण मग ती वळणावरच का चुकते, सर?”

डॉ. हृषीकेश तिरोडकरने हातातली फाईल खिडकीच्या उजेडात धरली. रूट कॅनाल करताना दाढेच्या मुळात शिरून सडलेली नस खरवडून काढणारी ही केसासारखी सुई. तिचा हा नवा घाट त्यानं स्वतः बेतला होता, स्वतः घडवून घेतला होता. बाजारातल्या कुठल्याही फाईलपेक्षा हिचं टोक अणकुचीदार आहे, हे तो भेटेल त्याला सांगत सुटायचा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

नाबर सर एकेकाळी त्याचे कॉलेजातले गुरू. निवृत्तीनंतर वेंगुर्ल्याला येऊन राहिले, पण हात काही स्वस्थ बसेनात. मागच्या खोलीत जुनी खुर्ची मांडून अजून गावाचे दात बघत. आज मात्र ठणका त्यांच्याच दाढेला लागला होता, म्हणून हृषीकेश त्या खोलीत आला होता. मुळं वाकडी आहेत, काढूनच टाका, असं दोघा डॉक्टरांनी सांगून झालं होतं.

“उजवीकडे चावायला एवढीच उरलीय रे,” गाल धरून सर म्हणाले. “ही गेली की भाकरी चहात बुडवून खायची.”

“जाऊ देणार नाही, सर. माझ्या फाईलनं करतो.”

“आधी दाखव.”

हृषीकेशनं डबीतून सरावाची दाढ काढली. उपटलेल्या दाढा दंतवैद्य अशा जपून ठेवतात. त्यातली सगळ्यात वाकडी त्यानं मुद्दाम निवडली आणि फाईल आत सारली. लोण्यात सुरी जावी तशी ती गेली. वळण आलं. तरी ती जातच राहिली...

आणि मुळाच्या कुशीतून तिचं टोक बाहेर आलं.

दाढेला भोक पडलं होतं. तोंडात असं झालं असतं तर दाढ हातची गेली असती.

सरांनी दाढ हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. उलट एखाद्या पोराला नवं खेळणं मिळावं तसे डोळे चमकत होते.

“सुंदर आहे.”

“काय, सर?”

“धार.”

हृषीकेशला ते टोचलं. “मला वाटतं अजून कमीच पडतेय. प्रत्येक वेळी वळणावर चुकली की मी टोक आणखी तीक्ष्ण करतो.”

“मग?”

“मग...” तो अडखळला. “मग आणखी लवकर चुकते.”

सरांनी दाढेतलं भोक उजेडाला धरलं. बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं.

“वळण तुला दिसतं?” सरांनी विचारलं.

“एक्सरेत दिसतं. पण एकाच बाजूनं. समोर किंवा मागे वळलं असेल तर कुणालाच दिसत नाही.”

“फाईलला?”

“फाईलला कसं दिसेल, सर?”

“हं...”

सर उठले. कपाटातून हत्यारांना धार लावायचा दगड काढला, त्यावर तेलाचा थेंब सोडला. हृषीकेशचा जीव भांड्यात पडला. गुरूंचा हात लागणार म्हणजे धार अशी चढणार की विचारू नका! तो खुर्ची पुढे ओढून बसला.

सरांनी भिंग डोळ्याशी नेलं. फाईल बोटांत फिरवत फिरवत तिचं टोक दगडावर हलकेच घासलं. पुन्हा घासलं. मग टोक स्वतःच्या अंगठ्यावर दाबलं. टोचलं नाही.

“सर! टोक बोथट केलंत!”

“अंगाची, बाजूच्या कडांची धार आहे ना?”

“अंगाची आहे, पण...”

“दुसरी दाढ घे.”

हृषीकेशला रडावंसं वाटलं. इतक्या खटपटीनं आणलेलं टोक, आणि सरांनी ते असं पुसून टाकावं? पण गुरूंपुढे काय बोलणार? मुकाट्यानं त्यानं तितकीच वाकडी दुसरी दाढ घेतली. फाईल आत गेली. थोडी गेली, आणि थांबली. सवयीनं त्याचं बोट तिला पुढे रेटायला निघालं.

“थांब,” सर म्हणाले. “काय झालं?”

“अडली.”

“मघाशी अडली होती?”

“नाही. मघाशी तर...”

मघाशी ती न अडता सरळ भिंत फोडून गेली होती.

त्यानं फाईल जराशी मागे घेतली, बोटात किंचित फिरवली, आणि जोर न लावता पुन्हा सोडली. ती भिंतीला टेकली, घसरली, वळली... तिची वाट बोटाला कळत होती. इतकी वर्षं रूट कॅनाल करून त्याला हे कधी कळलं नव्हतं. थोड्या वेळानं फाईल मुळाच्या अगदी शेंड्याशी दिसली, जिथे दिसायला हवी तिथेच.

त्यानं ती दाढ उजेडात फिरवून पाहिली. लाज वाटत होती आणि मजाही वाटत होती. मग त्यानं खिशातलं पाकीट फोडून कोरी, अणकुचीदार फाईल काढली, दगड स्वतःकडे ओढला आणि भिंग लावून तिचं टोक आपल्याच हातानं घासायला बसला.

सर बघत राहिले.

फाईल निर्जंतुक होऊन आली तोवर सर खुर्चीत जाऊन पडले होते. गळ्याशी रुमाल त्यांनी स्वतःच बांधला होता. हृषीकेशनं भुलीचं इंजेक्शन दिलं, दिवा वळवला. फाईल उचलली, आणि त्याचा हात थबकला. सरावाची दाढ वेगळी, ही सरांची होती.

“सर... आत अडली तर?”

सरांनी तोंड उघडता उघडता मिटलं.

“अडू दे. अडली नाही, तर मात्र लगेच सांग.”