दोन किल्ल्यांचं कुलूप

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात कुलपांचा एक कारखानदार राहत होता. कुलपं कसली, नुसता लोखंडाचा हट्ट! राजाच्या खजिन्यालाही त्याचंच कुलूप. चोर ते बघूनच परत फिरायचे. बाहेर एवढा शहाणा माणूस, आणि घरात सगळा गोंधळ.

एकदा जेवताना तो बायकोला म्हणाला, "तुझ्यापेक्षा आमच्या कारखान्यातला आचारी आमटी बरी करतो."

झालं! बायकोने पळी खाली ठेवली ती ठेवलीच. दोघांचं बोलणं बंद. आमटीवरून! कारखानदार तर चावडीवर चार लोकांत म्हणाला, "मी आधी बोललो तर मिशी उतरवीन." घरात दोन चुली झाल्या. थोरला मुलगा आणि सून बापाकडे, धाकटा आईकडे. दोन्हीकडे जेवायचं ते फक्त मांजर, आणि थोरल्याची लहानगी ठकी.

वर्षाचं धान्य, तूप, गूळ मात्र एकाच कोठीत. दगडी भिंती, लोखंडी दार. हा मुलांना म्हणायचा, "तुमची आई जास्त तूप नेते." ती म्हणायची, "गूळ कोण पळवतं ते विचारा आधी बाबांना." मग कारखानदाराने अक्कल चालवली आणि दोन किल्ल्यांचं कुलूप घडवलं. एक किल्ली याच्या कमरेला, एक तिच्या. दोन्ही एकदम फिरवल्या तरच उघडणार. बोलायचं तर नाही, म्हणून धाकटा मध्ये उभा राहून "एक, दोन, तीन" म्हणायचा. असली अक्कल!

एके दिवशी सकाळी सणासाठी कोठी उघडली. हा एका भिंतीकडे तोंड करून तूप काढतोय, ती दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून गूळ फोडतेय. एकमेकांकडे बघितलं तर पाप लागेल ना! तसेच पाठ फिरवून बाहेर आले आणि खाडकन कुलूप लावलं.

बायको धाकट्याला म्हणाली, "सांग त्यांना, मी माहेरी चालले. आता बसा म्हणावं कोठीबाहेर!" आणि किल्ली घेऊन, धाकट्याला घेऊन निघाली घाटावर.

थोड्या वेळाने सून धावत आली. "मामंजी, ठकी कुठाय?"

"तुझ्या सासूकडे असेल."

"त्यांच्याबरोबर नाही हो गेली!"

तेवढ्यात कोठीतून बारीक आवाज आला, "आजोबाऽ, अंधार आहे!"

मग काय विचारता! कारखान्यातून घणकरी आले. धाड, धाड, धाड! घणाचा दांडा मोडला, पण कुलूप ढिम्म. घणकरी म्हणाला, "मालक, ओरखडासुद्धा उठत नाही." एरवी हे ऐकून मालकाची छाती फुगली असती. आज त्याला वाटलं, देवा, एक तरी कुलूप मी वाईट केलं असतं!

आतून ठकीचा आवाज यायचा थांबला. कोठीला खिडकी नाही, झरोका नाही.

थोरला म्हणाला, "बाबा, मी जाऊन आईला आणतो."

"तू नको. हे माझं आहे," म्हणत कारखानदार सुटला. पागोटं पडलं, वहाण तुटली, तरी थांबला नाही. घाटावर पोचला तर नाव काठापासून सुटलेली!

सगळं गाव बघत होतं. त्याने बोंब मारली, "अगंऽ, थांब! ठकी कोठीत कोंडलीय! चूक माझी! आमटीही तुझीच चांगली!"

घाटावरची माणसं हसली. बायको हसली नाही. कासोटा आवळून तिने कमरेएवढ्या पाण्यात उडीच टाकली. धाकटा नावेतच राहिला. ओलीचिंब ती पुढे, हा धापा टाकत मागे.

"अहो, पळा की! एवढ्यात दम लागला?"

दारापाशी आले. किल्ल्या घातल्या. मोजायला धाकटा नव्हता.

"मी म्हणेन तेव्हा फिरव."

"का? मी म्हणेन तेव्हा फिरवा."

बघा, अजून खोड जात नव्हती! पण तिने त्याच्या मिशीवरून ओघळणारा घाम बघितला. ती हळूच म्हणाली, "बरं, तुम्ही म्हणा."

"नको. दोघं म्हणू."

"एक, दोन, तीन!"

कुलूप उघडलं. ठकी गुळाच्या ढेपेला टेकून झोपली होती. गालभर गूळ, मांडीवर मांजर. उजेड पडला तशी तिने डोळे चोळले आणि विचारलं, "आजी, आजोबा, तुम्ही दोघं एकदम कसे आलात?"

आजीने डोळ्यांना पदर लावला, आजोबा उगाच मांजरावर खेकसले.

दुपारी कारखानदाराने मिशी उतरवली. संध्याकाळी एकाच चुलीवर आमटी झाली.

"खारट आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. गप प्या," ती म्हणाली.

तो दोन वाट्या प्याला. आणि राजाच्या खजिन्याला शोभेल असं ते कुलूप? ते लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून बसलं. कोठीला साधी कडी लागली, ठकीचा हात पुरेल अशी.

तात्पर्य काय, तर घरच्याच माणसांपासून घर राखायला गेलात, की आत कोंडलं जातं ते आपलंच लेकरू. आणि आमटीला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण बोलणं बंद करू नका.